आई-आबांच्या कुलमुखत्यारपत्राबद्दल आभार

आदरणीय वकील मॅडम,
सादर नमस्कार.

आमच्या आई-आबांच्या कुलमुखत्यारपत्रांची, म्हणजे त्यांच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणाऱ्या दस्तांची, नोंदणी झाली, बँकेनेही ती मान्य केली आणि आबांच्या पेन्शनपासून बेदाण्याच्या पट्टीपर्यंतचे (विक्रीच्या हिशेबापर्यंतचे) व्यवहार आता मी व ताई त्यांच्या वतीने पाहू लागलो आहोत. याबद्दल आम्हा सर्वांच्या वतीने आपले मनःपूर्वक आभार. हे पत्र जाहीरपणे लिहितो आहे, कारण घरात वृद्ध आई-वडील असलेल्या इतरांनाही आपल्या कामाची रीत कळावी असे वाटते.

आम्हा भावंडांना बाहेर बसवून आपण आधी आबांशी एकट्याने बोललात, याचे मोल आम्हाला सर्वांत अधिक आहे. पुढे आमच्यासमोर मसुद्यातील एकेक कलम त्यांना मोठ्याने वाचून दाखवताना जमीन विकण्याच्या अधिकारापाशी आपण थांबलात, त्यांनी "बागेला हात लावायचा नाही" असे सांगताच ती ओळ त्यांच्या देखत खोडलीत आणि बँक, वीजबिल, औषधोपचार व शेतमालाची विक्री एवढेच अधिकार ठेवलेत. त्यानंतर आबा स्वतःहून सहीला पुढे सरसावले.

भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार अधिकार देणाऱ्याचा मृत्यू झाला किंवा त्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्याराचा अधिकारही संपतो, त्यामुळे हे काम आई-वडिलांचे भान शाबूत असतानाच करावे, हे आपण स्पष्ट सांगितलेत. दिलेला अधिकार आबांना केव्हाही काढून घेता येईल, हेही त्यांना आवर्जून समजावलेत. मुलांच्या हाती कारभार देणाऱ्या बापाला एवढा आधार हवाच.

आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ३१ खाली अर्ज करून आपण दस्तांची नोंदणी करणाऱ्या दुय्यम निबंधकांना तासगावला घरी आणलेत. आयुष्यभर शेतात राबलेल्या तिच्या बोटांचा ठसा यंत्रावर उमटेना, तेव्हा आपण स्वतः ओल्या फडक्याने तिची बोटे पुसून "सावकाश होऊ द्या, काकू" म्हणत तिच्या उशाशी बसून राहिलात. फीच्या पावतीत न मावणारे हे काम आहे.

मुखत्यारपत्र हे मृत्युपत्राची जागा घेत नाही, हे आपले सांगणे आबांच्या पक्के लक्षात आहे. मृत्युपत्रही आपल्याकडूनच करून घ्यायचे असे त्यांनी ठरवले असून, छाटणीची कामे उरकली की ताई त्यांना घेऊन सांगलीला आपल्याकडे येईल.

आपला कृतज्ञ,
आबांचा धाकटा मुलगा
तासगाव, जि. सांगली