‘कबूल’ म्हणण्याआधी

संपादक महोदय,

आमच्या सिडकोतल्या गल्लीतला एक मुलगा छोटा हत्ती चालवतो. गेल्या वर्षी द्वारका चौकात त्याच्या गाडीचा एका दुचाकीला धक्का लागला. कुणाला खरचटलंही नाही, पण भरधाव वाहन चालवल्याचा गुन्हा नोंदला गेला. तीन तारखा झाल्या. चौथ्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात कुणीतरी सांगितलं, “कबूल म्हण, दंड भर, मोकळा हो.” त्याने ८०० रुपये भरले. एका तारखेपायी त्याचं भाडं बुडतं ते याहून जास्त, त्यामुळे त्याला बोल तरी कसा लावायचा?

पुढे सातपूरच्या एका कारखान्यात चालकाची जागा निघाली आणि चारित्र्य पडताळणीत ही शिक्षा वर आली. आता तो म्हणतो, दुचाकीवालाच उलट्या बाजूने घुसला होता. असेलही. पण हे सांगायची वेळ साक्षीपुराव्याची होती, आणि ती त्याने स्वतःच सोडून दिली.

वकिलांकडे गेलो. अपिलाची ३० दिवसांची मुदत टळली होती. ती माफ करून घेता येईल का, असं विचारलं, तर त्यांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४१६ काढून दाखवलं. आरोपीने गुन्हा कबूल केला आणि त्यावरच शिक्षा झाली, तर अपील फक्त शिक्षा किती आणि ती कायद्याला धरून आहे का, एवढ्यापुरतंच. ‘मी दोषी नाही’ हा मुद्दा तिथे निघतच नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम ३७५ होतं, म्हणजे नवं काही नाही. आम्हालाच ठाऊक नव्हतं. कबुली आमिषाने किंवा न समजता दिली असेल तर वरच्या कोर्टात दाद मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये गुजरातच्या कासमभाई खटल्यात कमी शिक्षेच्या सौद्यातून आलेली कबुली मानली नव्हती. पण ८०० रुपयांच्या दंडासाठी मुंबईपर्यंत कोण जाणार!

खरं तर कायद्यातच सोय आहे. अशा खटल्यात कबुली शक्यतो आरोपीच्याच शब्दांत लिहून घ्यावी, असं कलम २७५ म्हणतं, आणि त्या कबुलीवर दोषी ठरवायचं की नाही हे दंडाधिकाऱ्यांच्या मर्जीवर सोडतं. आमच्या पोराच्या कागदावर छापील ओळ होती, ‘मला गुन्हा कबूल आहे’, आणि खाली त्याची सही.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने कोर्टाच्या व्हरांड्यात एक मराठी पाटी लावावी: ‘गुन्हा कबूल केल्यास दोषी ठरवल्याविरुद्ध अपील करता येत नाही. आधी वकिलाशी बोला; ऐपत नसेल तर मोफत वकिलासाठी इथे चौकशी करा.’ थुंकू नये म्हणून सांगणारी पाटी तिथे आहेच, तिच्या शेजारी भरपूर जागा आहे.

– एक वाचक, सिडको, नाशिक