पंगतीतून उठताना

कोल्हापूर,
आषाढ वद्य पंचमी

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर "गुडघे गेले रे, आता बसून राहायचं" एवढं बोलून तू विषय बदललास. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र लिहितोय. कागदावर तरी गप ऐकशील.

इकडं चार दिवस पावसानं झोडपलंय. राजाराम बंधारा पाण्याखाली गेलाय आणि आमची रंकाळ्याची फेरी बंद पडलीय. घरात बसून माणूस खरं बोलायला लागतो, म्हणून तुला एक गोष्ट सांगतो. ती अजून कुणाला सांगितलेली नाही. म्हणजे ज्यांनी बघितली त्यांना सांगायची गरज नाही.

वैशाखात पुतण्याच्या पोराचं बारसं झालं. पोरं म्हणत होती, टेबल-खुर्च्या मांडू. मीच अडून बसलो, पंगत खालीच बसवायची, जेवण मांडी घालूनच. झाली पंगत. जिलेबी, मठ्ठा, सगळं व्यवस्थित. उठायला म्हणून उजवा हात जमिनीवर टेकला, तर ढुंगण जागचं हलेना. गुडघा वळवून बघितला, तरी नाही. शेजारच्या रिकाम्या पाटावर पंजा रोवला, तर पाट सरकला आणि हात थेट मठ्ठ्याच्या वाटीत. सगळी पंगत हात धुवायला गेली आणि मी एकटाच पानावर. वाढपी पोरगं आलं, त्याला वाटलं आजोबांना अजून हवंय. त्यानं आणखी दोन जिलेब्या वाढल्या. शेवटी पुतण्यानं मागून काखेत हात घालून मला उभं केलं, पोतं उचलावं तसं.

आणि हे झालं कुणाचं? तर वर्षातले दहा महिने रोज रंकाळ्याच्या काठानं संध्यामठापासून शालिनी पॅलेसपर्यंत चालत जाऊन परत येणाऱ्याचं! मी तर स्वतःला पैलवान समजत होतो, लेका.

त्याच आठवड्यात एका फिजिओथेरपीवाल्या मुलीकडं गेलो. माझ्या नातीएवढी असेल. तिनं बिनहाताच्या खुर्चीत बसवलं, हात छातीवर घडी घालायला लावले आणि म्हणाली, "आजोबा, ३० सेकंदांत जितक्या वेळा पूर्ण उठून बसता येईल तितक्या वेळा उठा." माझ्या ७ झाल्या. आपल्या वयाच्या पुरुषाला निदान १२ तरी जमायला हव्यात म्हणे. मी रंकाळ्याचं पुराण सुरू केलं तर ती हसली. चालणं हृदयाला, साखरेला, झोपेला उत्तमच. पण सपाट रस्त्यावर चालून मांडीत जोर येत नाही. तिशी-पस्तिशीनंतर स्नायू हळूहळू झिजायला लागतात, साठीनंतर झपाट्यानं. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब तिनं सांगितला: ६५ च्या पुढच्यांनी आठवड्याला निदान १५० मिनिटं भरभर चालावं, शिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम, शिवाय तीन दिवस तोल सांभाळायचा सराव. म्हणजे मी एका विषयात पास आणि दोनांत नापास.

आता खरी गंमत ऐक. तिनं शिकवलेला व्यायाम कुठला? खुर्चीवरून उठायचं, बसायचं. बैठक रे, आपली बैठक! पेठेतल्या तालमीत वस्ताद मोजून घ्यायचे आणि चुकली की पाठीत रट्टा द्यायचे, तीच. शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान बांधलं त्या गावात, १९१२ पासून जिथं कुस्त्या रंगतात तिथं, आपण फी भरून बैठक मारायला शिकतोय. वस्तादांना कळलं असतं तर दोन रट्टे जास्त बसले असते.

दहा-दहाच्या दोन खेपांनी सुरुवात केली, उशी ठेवून खुर्ची उंच करून. आता उशी काढली. तोल सांभाळायला म्हणून सकाळी ओट्याला एक हात धरून एका पायावर उभा राहतो, दूध तापेपर्यंत. पहिल्या दिवशी पायाकडं बघत बसलो आणि दूध उतू गेलं. हिनं जे सुनावलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. आता नजर दुधावर, त्यामुळं तोल जास्त चांगला राहतो.

आणखी एक. रात्री लघवीला उठलो की गरगरायचं, तुलाही होतं म्हणालास. डॉक्टरांनी रक्तदाब आडवं असताना आणि मग उभं करून मोजला, तर वरचा आकडा २० हून जास्त उतरत होता. गोळीचा डोस बदलून दिला. तू मनानं काही बदलू नकोस, पण असा उभं राहून मोजून घे. तोवर पलंगावर मिनिटभर पाय सोडून बस आणि मगच ऊठ.

खाण्याचं म्हणशील तर आपली अब्रू गेली. तांबड्या-पांढऱ्याच्या गावात राहून मी रात्री नुसता दूधभात खात होतो, "वय झालं" म्हणून. आपल्या वयाला वजनाच्या किलोमागं रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. माझं वजन ६४ किलो, म्हणजे पंच्याहत्तर ग्रॅमपर्यंत मजल गेली पाहिजे. आता सकाळी दोन अंडी, दुपारी उसळ दाबून, रात्री डाळ घट्ट. तुला साखर आहे, किडनीचं बघून डॉक्टरांना विचारूनच वाढव.

तुझ्या गुडघ्याचं मी तिला मुद्दाम विचारलं. ती म्हणाली, झीज असली तरी मांडीचा पुढचा स्नायू दणकट झाला की गुडघ्याचं दुखणं कमी होतं. बसून राहिलं की वाढतं. तू पडायच्या भीतीनं बसतोस, बसून मांड्या सुकतात, आणि सुकल्या की मग खरोखरच पडायची पाळी येते. सहाव्या मजल्यावरच्या त्या सोफ्यातून ऊठ, मर्दा. तुझा सोफा फार खोल आहे, मागच्या वेळी मलाच सुनेनं हात दिला होता. जेवणाची खुर्ची भिंतीला टेकवून घे, म्हणजे सरकणार नाही.

माझा कालचा आकडा ११. बाराव्याला ढुंगण वर येतच नाही. आपल्या वेळी मॅट्रिक अकरावीलाच संपायची, त्याचाच परिणाम असावा.

नवरात्रात पंचमीला ये. अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते, कोहळा फुटताना गर्दीत आपण एकमेकांच्या खांद्यावर चढून बघायचो, आठवतं? खांद्याचं राहू दे, टेकडी चढू. अडीच महिने आहेत हातात. बारशाचं पोर आताच पालथं पडायला लागलंय, तोवर ते बसायलाही लागेल.

जेवायला आमच्याकडंच. पाट मांडणार आहे. टेबल आहे घरात, पण त्या दिवशी ते जिन्याखाली जाईल.

तुझा,
आप्पा