मनूस पत्र: पेशंट पुस्तकातलं इंग्रजी बोलत नाहीत

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

तू नर्स म्हणून इकडे इंग्लंडला यायचं ठरवलंस, त्यासाठीच्या ओईटीचा, म्हणजे आरोग्य क्षेत्रातल्या इंग्रजी परीक्षेचा, निकाल ताईकडून कळला. एनएमसीला, म्हणजे इथे नर्सेसची नोंदणी करणाऱ्या संस्थेला, लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला बी आणि रायटिंगला किमान सी प्लस लागतो, तो तुला मिळाला. म्हणजे कागदोपत्री इंग्रजीचा प्रश्न मिटला. आता वॉर्डातल्या इंग्रजीचं बघू. तुझ्या सरावाच्या पुस्तकातला पेशंट ‘आय हॅव बीन एक्स्पीरियन्सिंग डिझिनेस’ म्हणतो. इकडे मिडलँड्समधले आजोबा म्हणतात, ‘आय केम ओव्हर ऑल फनी, मी डक.’ म्हणजे अचानक कसंसंच झालं. डक ही इथली लाडाची हाक आहे, मनावर घेऊ नकोस. नॉशिया (मळमळ), डिस्पनिया (धाप) असल्या शब्दांनी आपल्या मुली अडत नाहीत, ते कॉलेजातच पाठ झालेले असतात. अडतात त्या अप, आउट, ऑफ, ओव्हर या चिल्लर शब्दांनी. क्रियापद तेच, मागची चिल्लर बदलली की पेशंट झोपलेला, बेशुद्ध किंवा गेलेला असू शकतो.

सकाळी सात-साडेसातच्या हँडओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती देतात तेव्हा, ऐकू येईल असं एक वाक्य घे: ‘बेड फोर हॅज गॉन ऑफ अ बिट. ही थ्रू अप ॲट टू, पास्ट आउट ऑन द वे टू द लू, केम राउंड स्ट्रेट अवे, ॲन्ड ही हॅज ओन्ली जस्ट ड्रॉप्ड ऑफ.’ रात्रपाळीची दमलेली नर्स हे एका दमात बोलून जाते.

‘गॉन ऑफ’ म्हणजे निघून गेला नव्हे. दूध नासलं तरी इथे गॉन ऑफ म्हणतात. पेशंटच्या बाबतीत त्याचा अर्थ तब्येत ढासळली. हे ऐकलं की बाकीचं वाक्य संपायच्या आत नजर न्यूज टूच्या, म्हणजे नाडी, श्वास, रक्तदाब वगैरेंवरून तब्येत किती ढासळलीय ते सांगणाऱ्या, आकड्याकडे गेली पाहिजे. एकूण पाच झाले की डॉक्टरांनी तातडीने बघायचं, सात किंवा वर गेले की आणीबाणी. ‘थ्रू अप’ म्हणजे उलटी झाली, ते सोपं. ‘पास्ट आउट’ म्हणजे शुद्ध हरपली, तीही संडासला (लू) जाताना. पण ‘पास्ट अवे’ किंवा नुसतं ‘पास्ट’ म्हणजे वारला, आणि ‘पास्ट वॉटर’ म्हणजे लघवी झाली. शेवटचा शब्द गिळला गेला तर ताबडतोब विचार. इथे लाजण्यात काही अर्थ नाही. ‘केम राउंड’ म्हणजे शुद्धीवर आला, ‘केम टू’ असंही म्हणतात. भूल उतरली की हाच शब्द. मात्र ‘माय डॉटर केम राउंड’ म्हणजे लेक घरी येऊन गेली. ‘ड्रॉप्ड ऑफ’ म्हणजे डोळा लागला. पण ‘हिज सॅट्स हॅव ड्रॉप्ड ऑफ’ म्हणजे ऑक्सिजन घसरला. ड्रॉप ऑफ झालं ते माणूस की आकडा, एवढं पकड. आणि झोप लागली म्हणून सांगितलं तरी अशा पेशंटला एकदा हाक मारून बघायचीच, कारण नुकताच बेशुद्ध होऊन गेलेला माणूस गाढ झोपलाय की गुंगीत आहे हे दारातून कळत नाही.

‘सिक’ हा शब्द इथे आजारी या अर्थी फारसा नाही. ‘आय फील सिक’ म्हणजे मळमळतंय. ‘आय हॅव बीन सिक’ म्हणजे उलटी झाली. ‘शीज ऑफ सिक’ म्हणजे ती आजारपणाच्या रजेवर. आजारी आहे म्हणायला ‘पुअरली’ किंवा ‘इल’. तेव्हा आजींनी ‘आय वॉज सिक ट्वाइस’ म्हटलं तर दोनदा आजारी पडल्या असं लिहू नकोस. दोनदा ओकारी झाली, कधी, किती, रंग काय, ते लिही.

आणि सगळ्यात घात करणारा ‘ब्रिंग अप’. ‘आयम ब्रिंगिंग अप ब्लड.’ हे रक्त खोकल्यातून येतंय की उलटीतून, ते या शब्दांत नाहीच. ‘कफिंग इट अप’ असेल तर छातीचा मामला, बहुतेक लालभडक, फेसाळ, कफात मिसळलेलं. ‘थ्रोइंग इट अप’ असेल तर पोटाचा. ताजं लाल असू शकतं किंवा पोटात राहून कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट. दोन्हींचे रस्ते वेगळे, डॉक्टर वेगळे. म्हणून थेट विचार: ‘आर यू कफिंग इट अप ऑर व्हॉमिटिंग इट?’ आणि शक्य असेल तर भांड्यात काय पडलंय ते डोळ्यांनी बघ. तान्ह्या बाळाच्या बाबतीत ‘ब्रिंग अप हिज विंड’ म्हणजे फक्त ढेकर काढणं, तिथे घाबरू नकोस.

इथली माणसं, विशेषतः सत्तरीपुढची, दुखणं कमी करून सांगतात. ‘बिट अंडर द वेदर’, ‘मस्टन्ट ग्रंबल’, ‘नॉट टू बॅड’. आपल्याकडे जरा कणकण आली तरी अख्ख्या आळीला कळतं, इथे न्यूमोनिया झालेला माणूसही ‘बिट अंडर द वेदर’ असतो. शब्दांवर जाऊ नकोस, शून्य ते दहांत दुखणं किती ते विचार, आणि पडून असताना वेगळं, हलताना वेगळं विचार. ‘फनी टर्न’ म्हटलं तर हसण्यावारी नेऊ नकोस. तो चक्करही असतो, साखर उतरणंही, झटकाही आणि पक्षाघाताचा छोटा इशाराही. तोंड वाकडं झालं होतं का, हात उचलता येत होता का, बोलणं अडखळलं का, किती मिनिटं टिकलं, जीभ चावली गेली का, एवढं विचारून साखर तपास.

‘आयम अंडर द डॉक्टर विथ माय हार्ट’ हे ऐकून पहिल्यांदा सगळेच बिचकतात. डॉक्टरांची ट्रीटमेंट चालू आहे, एवढाच अर्थ. ‘अंडर मिस्टर’ अमुक म्हणाले तर ते सर्जन समज; इथे सर्जन डॉक्टर लावत नाहीत, मिस्टर किंवा मिस लावतात.

आता हाडं-सांधे, म्हणजे व्यायाम करणाऱ्यांचा आणि पडणाऱ्यांचा प्रांत. ‘आय पुट माय बॅक आउट’ किंवा ‘आय डिड माय बॅक इन’ म्हणजे पाठीत उसण भरली. ‘आय वेंट ओव्हर ऑन माय अँकल’ म्हणजे घोटा मुरगळला. ‘माय नी इज प्लेइंग अप’ म्हणजे गुडघा त्रास देतोय, जुनंच दुखणं उठलंय. पण ‘इट गिव्ज वे’ म्हटलं की कान टवकार: गुडघा अचानक दगा देतो, म्हणजे हा माणूस पडणार. पडण्याच्या धोक्याच्या फॉर्मवर ते चढलंच पाहिजे आणि फिजिओला कळवलं पाहिजे. ‘पुल्ड अ मसल’ म्हणजे स्नायू ताणला, ‘पुल थ्रू’ म्हणजे दुखण्यातून वाचणं, आणि ‘पुल अ सिकी’ म्हणजे आजाराचं खोटं सांगून दांडी मारणं. शेवटचा शब्द स्टाफरूममध्ये ऐकायचा, आपण वापरायचा नाही.

‘फिट’ तुला सोपं जाईल, आपणही ‘तब्येत फिट आहे’ आणि ‘फिट आली’ दोन्ही म्हणतो. इथे मात्र त्याचं क्रियापदही होतं: ‘ही फिटेड ट्वाइस’ म्हणजे दोनदा झटके आले, कपडे दोनदा बसले नव्हेत. ‘मेडिकली फिट’ म्हणजे ठणठणीत नव्हे. आता हॉस्पिटलची गरज नाही, घरी सोडता येईल, एवढंच. ‘फिट नोट’ हा कागद 2010 पासून जुन्या सिक नोटच्या जागी आला. पहिले सात दिवस माणूस स्वतःच लिहून देतो, पुढे ही नोट लागते. आणि तरुण पोरं एकमेकांना फिट म्हणतात तेव्हा ती तब्येतीची विचारपूस नसते!

बोलताना आपल्या लोकांची एक ठरावीक चूक होते. ‘हिम’, ‘इट’ असलं सर्वनाम आलं की ते मधे घुसतं: ‘कफ इट अप’, ‘वेक हिम अप’. ‘वेक अप हिम’ कुणी म्हणत नाही. पण ‘गेट ओव्हर इट’, ‘कम डाउन विथ इट’ यांत मधे काही शिरत नाही. नियम शोधत बसू नकोस, अख्खं वाक्य वहीत उतरव. आघातही बघ: नाम असेल तर जोर पहिल्या तुकड्यावर, ‘वर्कआउट’, ‘वॉर्म-अप’, क्रिया असेल तर दुसऱ्यावर, ‘आय वर्क आउट’.

सवयींची माहिती घेताना चिल्लर शब्द पुन्हा आडवे येतात. ‘आय हॅव कट डाउन’ म्हणजे सिगारेट कमी केल्या, सोडल्या नाहीत. ‘गिव्हन अप’, ‘पॅक्ड इट इन’ म्हणजे सोडल्या. कमी केल्या म्हणाला तर पूर्वी दिवसाला किती, आता किती, किती वर्षं, हे विचार. रोज वीस एक वर्षभर म्हणजे एक पॅक-इयर. ‘ऑन द वॅगन’ म्हणजे दारू सोडलेली, ‘फेल ऑफ द वॅगन’ म्हणजे पुन्हा सुरू. इथला सल्ला आठवड्याला 14 युनिटांच्या आत राहण्याचा. चार टक्क्यांच्या बिअरचा एक पाइंट साधारण 2.3 युनिट. ‘आयम डूइंग काउच टू फाइव्ह के’ हेही ऐकशील. तो एनएचएसचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, नऊ आठवड्यांचा, आठवड्यातून तीनदा पळण्याचा कार्यक्रम आहे. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं भरभर चालून मग 60 सेकंद पळणं, 90 सेकंद चालणं, असं आलटून पालटून 20 मिनिटं. गुडघे दुखवून घेणारे बहुतेक ‘ओव्हरडन इट’वाले, म्हणजे अती करणारे असतात, त्यांना ‘ईज ऑफ अँड बिल्ड अप ग्रॅज्युअली’ (जरा आवरा आणि हळूहळू वाढवा) हे दोनच शब्दप्रयोग पुरतात.

खेळांचं इंग्रजी बहुतेक नातेवाइकांच्या तोंडून येतं. आपल्या बोलण्यात कुस्तीने चितपट आणि शड्डू आणले, तसे यांच्यात बॉक्सिंगने ‘ऑन द रोप्स’ (हरायला टेकलेला), ‘आउट फॉर द काउंट’ (निपचित पडलेला), ‘थ्रो इन द टॉवेल’ (हार मानणं) आणले. ‘यू आर नॉट थ्रोइंग इन द टॉवेल, आर यू?’ असं पेशंटच्या मुलाने विचारलं तर तो उपचार थांबवताय का असं विचारतोय. उत्तर तू द्यायचं नाही, सिनियर सिस्टरला किंवा डॉक्टरांना बोलाव. क्रिकेटचे शब्द ओळखीचे म्हणून जास्त फसवतात. ‘इट नॉक्ड मी फॉर सिक्स’ ऐकून आपल्या डोळ्यांपुढे टाळ्या येतात. इथे बोलणारा स्वतःला बॅट्समन नव्हे, बॉलर समजतो. बातमीने तो कोलमडलाय. ‘ही हॅड अ गुड इनिंग्ज’ हे म्हातारा माणूस गेल्यावर घरचे म्हणतात. त्यांनी म्हणावं, आपण नुसती मान डोलवावी. ‘टच अँड गो’ म्हणजे काही सांगता येत नाही, कुठल्याही क्षणी काहीही. तेवढं ऐकलं की पेशंटला घरी सोडायच्या गप्पा बंद.

नोंद करताना पेशंटचे शब्द अवतरणात जसेच्या तसे घाल, ‘पेशंट स्टेट्स’ म्हणून, आणि खाली तू काय पाहिलंस ते लिही. ‘केम ओव्हर फनी’चं तू स्वतः डिझी करून टाकलंस तर पुढच्या डॉक्टरला खरं काय झालं ते शोधायला जागाच उरत नाही. समजलं नाही तर ‘व्हेन यू से फनी, व्हॉट डिड इट फील लाइक?’ एवढं विचारायला शिक. ‘येस, येस’ करून मान हलवायची आपली सवय मात्र मुंबईच्या विमानतळावरच सोडून ये.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार सांग. यायची तारीख ठरली की कळव.

तुझी,
मावशी