अन्ननियोजनाची बैठक वस्तीत व्हावी

महोदय,

मंगळवेढ्याच्या ज्वारीला आणि सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, येथील बाजार समितीत कांद्याची आवकही प्रचंड असते. तरीही शहराच्या पूर्व भागातील विडी कामगार महिलेच्या ताटात यातले किती पोहोचते, हा प्रश्न नियोजनात क्वचितच येतो. महापालिकेने प्रभागनिहाय कार्यशाळा घेऊन ताज्या भाजीची सोय आणि उरलेल्या मालाची साठवण यांचा आराखडा नागरिकांकडूनच करून घ्यावा. मात्र सकाळी अकराला सभागृहात सादरीकरण ठेवले, तर विड्या वळणारी किंवा कडक भाकरी करून विकणारी बाई तेथे येणार नाही. हजेरीपट तेवढा भरेल. बैठक सायंकाळी वस्तीतच, मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही व्हावी. सूत्रधाराने भाषण टाळून प्रभागाचा नकाशा मांडावा आणि भाजी कोठून, कोणत्या भावाने येते, हे उपस्थितांकडूनच त्यावर नोंदवून घ्यावे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावे लागतात. कार्यशाळेत सुचलेल्या विक्रीच्या जागांचा विषय याच समितीपुढे ठेवता येईल.

– एक वाचक, सोलापूर