वाद्ये घेऊन शिखरावर जाताना

संपादक महोदय,

मदतनिधीसाठी वाद्यांसह डोंगर चढणाऱ्या हौशी वाद्यवृंदांचे मनापासून कौतुक वाटते. तयारी मात्र बहुतेक पायांचीच होते, वाद्यांची नाही. कडाक्याच्या थंडीतून तंबूच्या उबेत आणलेली गिटार लगेच पेटीबाहेर काढू नये. तापमान झटक्यात बदलले की पॉलिशला बारीक तडे जातात. अर्धा तास पेटी बंदच ठेवावी. थंडीने तारा आकसून सूर चढतो, म्हणून ट्यूनिंग वाजवण्याच्या जागीच करावे. ट्यूनरची बॅटरी अंगाशी, आतल्या खिशात ठेवावी.

माणसांची काळजीही तितकीच हवी: विरळ हवेचा त्रास टाळण्यासाठी ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. डोकेदुखीसोबत मळमळ सुरू झाली, तर चढाई तिथेच थांबवावी. म्हणूनच देणगी शिखर गाठण्याच्या अटीवर स्वीकारू नये.

– एक गिर्यारोहण प्रशिक्षक