रविवारच्या रेकॉर्ड ऐकण्याच्या बैठकीबद्दल आठवण (७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या, जुन्या तबकड्या असणाऱ्यांनी नक्की वाचा)

मंडळी, या रविवारी सकाळी दहाला नेहमीच्याच ठिकाणी बसतोय, यावेळी फक्त ४५ आरपीएमच्या सात इंची सिंगल्स (बाजूला एक गाणं) आणि ईपी (बाजूला साधारण दोन गाणी) आणायच्या. एलपी, म्हणजे लांब चालणाऱ्या मोठ्या तबकड्या, प्लीज घरीच ठेवा, मागच्या वेळी एकच एलपी चाळीस मिनिटं चालली आणि बाकीचे नुसते चहा पीत बसले.

प्लेअर दोन असतील, एक आपला एचएमव्हीचा फिएस्टा आणि एक बेल्टवर फिरणारा. महत्त्वाचं म्हणजे ७८ ची तबकडी कोणीही या दोन्हींवर लावायची नाही!! ती लाखेची असते, खाच रुंद, तिला साधारण ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते आणि व्हिनाइलची, म्हणजे नंतरच्या प्लास्टिकच्या तबकड्यांची, सुई १ मिल किंवा त्याहून बारीक, म्हणजे ती खाचेच्या तळाशी घासत बसते, नुसती खरखर येते आणि सुई जाते ती जातेच. उलटंही तेच, आजोबांच्या चावीच्या ग्रामोफोनवर व्हिनाइल लावलीत तर ते सुई धरणारं जड मुंडकं आणि स्टीलची सुई एका फेरीत खाच सोलून काढेल. (एका सभासदाने हे करून दाखवलंय, नाव घेत नाही 😄)

मोठ्या भोकाच्या सिंगल्स असतील तर भोकात बसवायची मधली चकती आठवणीने आणा, आपल्याकडे एकच उरलीये. जुन्या बाजारातून आणलेला माल आधी घरी धुवून, बुरशी काढून मगच आणा, आणि हो, लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नका, लाख विरघळते.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत हात वर करा, मिसळीचा आकडा सांगायचाय.