डाव्या इंजिनाचे सील

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझी दोन पत्रे माझ्या खणात उत्तराविना पडून आहेत आणि तिसरे तू लिहिले नाहीस, यात तुझी काहीच चूक नाही. मी बरा आहे, रक्तदाब गोळीच्या धाकाने आटोक्यात आहे, कंबर अधूनमधून कुरकुरते. प्रकृतीचे एवढे पुरे. लिहिण्याचे कारण निराळे आहे आणि ते घरात सांगून उपयोग नाही, कारण ऐकणाऱ्याला रिअर मेन सील, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या (क्रँकच्या) मागच्या टोकाशी तेल अडवणारे कडे, इथपासून सुरुवात करावी लागेल. आपल्या बोटीचे डावे इंजिन मी बाहेर काढून उघडले आहे.

गेल्या महिन्यात किल्ली फिरवली तर एकच ‘ठक्’ असा आवाज आला आणि सगळे थांबले. बॅटरी उतरली असेल असे समजून मी पुन्हा किल्ली फिरवणार होतो, तेवढ्यात तुझा दरडावणीचा स्वर आठवला: अडलेल्या इंजिनाला रेटायचे नाही, आधी प्लग काढायचे. आठही प्लग काढून पाना लावून क्रँक हाताने हळूहळू फिरवला, तेव्हा सातव्या भोकातून पाण्याची पिचकारी थेट माझ्या शर्टावर आली. बोट जिभेला लावून पाहिले, खारट. एक्झॉस्टचा रायझर, धूर आणि पाणी बाहेर नेणारी ती उभी नळी, आतून कुजून फुटला होता. बाहेरून मात्र त्याचा रंग नवाकोरा होता, कारण तो मीच दर वर्षी मोठ्या हौसेने देत आलो होतो आणि आत डोकावण्याची हौस मला कधी झाली नाही. इंजिन मागे कललेले आणि सात नंबर त्या रांगेत सर्वांत मागचा, तेव्हा पाणी तिथेच जाणार. पिस्टनचा रॉड वाकला नाही एवढे नशीब; सातवा पिस्टन पूर्ण वर आणून पाचव्याशी उंची ताडून पाहिली, फरक नाही.

बाहेर काढलेच आहे तर त्याची ओळखही एकदा कायमची पटवून घ्यावी असे ठरवले. विकणारा त्याला ४०० (घन इंचांचे) म्हणत होता, तू ३२७ म्हणत होतास आणि मी ३५० म्हणत होतो, आणि त्या वादात आपण एक अख्खा पावसाळा घालवला हे तुला आठवत असेल. आज कबूल करतो की तेव्हा माझ्याकडेही पुरावा नव्हता, नुसता आवाज मोठा होता. या वेळी मागची बेलहाउसिंग, म्हणजे फ्लायव्हीलवरचे आवरण, उतरवल्यावर ब्लॉकच्या मागच्या कडेवर, डाव्या अंगाला, रंगाचे चार थर तारेच्या ब्रशने काढले, खडू चोळला आणि ओतकामाचा आकडा वर आला: ३९७००१०. हा आकडा पाहून मी नाचलो असतो, पण याच ओतकामातून शेव्हर्लेने ३०२, ३२७ आणि ३५० ही तिन्ही इंजिने काढली आणि तिघांचाही बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ४ इंचांचाच. तेव्हा नुसत्या आकड्यावर तुझा दावा जिवंतच राहत होता. त्याच कडेच्या दुसऱ्या अंगाला तारखेचा शिक्का आहे, ‘सी १४ ४’, म्हणजे तिसरा महिना, चौदा तारीख, आणि वर्षाचा शेवटचा आकडा चार. हा ब्लॉक सत्तरच्या दशकातला, म्हणून १९७४. आणि ३२७ तर १९६९ नंतर बंद झाले. तरीही तुझा हट्टी स्वभाव ओळखून मी स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, मोजला: ३.४८ इंच. ३२७ चा ३.२५ भरला असता. पैज तू हरलास. विकणाऱ्याचे ४०० तर पहिल्याच पायरीवर बाद, कारण त्याचा बोअर ४.१२५ इंच, सिलिंडरच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या आणि डेकवर, म्हणजे ब्लॉकच्या वरच्या सपाट तोंडावर, वाफेची भोके; इथे त्यातले काहीच नाही. समोरच्या पॅडवरचा छापील क्रमांक मिळाला असता तर एवढा खटाटोप लागला नसता, पण तो वर्कशॉपच्या मास्तरांनी मागच्या वेळी डेक घासताना साफ केला. चेंबर, म्हणजे खालचे तेलाचे भांडे, उतरवल्यावर मात्र क्रँक धरून ठेवणाऱ्या मधल्या तिन्ही मेन कॅपांना चार-चार बोल्ट निघाले. ते तू न बघता सांगितले होतेस. तेवढा गुण तुझा.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते लिहितो. गेली बारा वर्षे हे इंजिन मागून तेल गाळत होते. दर फेरीनंतर बोटीच्या बुडाशी तेलाचा तवंग दिसायचा आणि दर वेळी मी तुझे नाव घ्यायचो. डावे इंजिन उजव्याच्या उलट फिरते, उलट फिरणाऱ्या इंजिनाला उलट सील लागते, तू दुकानातून साधे उचलून आणलेस, असे मी तुला तोंडावर म्हणालो, नंतर मास्तरांसमोर म्हणालो, आणि तुझ्या मामेभावाच्या लग्नात नको तिथे आणि नको त्यांच्यासमोर म्हणालो. तू एकदाच म्हणालास की सील बरोबर आहे, आणि पुढे बोलला नाहीस. बोटीत इंजिनाखाली हात जाईल एवढीही जागा नसल्यामुळे खरे-खोटे करायची सोयही नव्हती, आणि खरे सांगायचे तर मला ती सोय नकोच होती.

परवा रात्री मागची मेन कॅप सोडवली. सीलचे दोन्ही अर्धे तुकडे काढून पुसले आणि उजव्या इंजिनाचे जुने सील शेजारी ठेवले. ओठावरच्या बारीक तिरक्या रेघा दोन्हींवर स्पष्ट दिसतात: उजव्याच्या एका बाजूला कललेल्या, डाव्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला. म्हणजे तू आणलेले सील उलट फिरणाऱ्या इंजिनाचेच होते. मग ते गळत का होते? ब्लॉकमधल्या वरच्या तुकड्याचा ओठ पुढच्या बाजूला, तेलाकडे तोंड करून होता, जसा असायला हवा तसा. कॅपमधल्या खालच्या तुकड्याचा ओठ मागे, फ्लायव्हीलकडे. अर्धे सील तेल अडवत होते आणि अर्धे त्याला वाट करून देत होते.

वरचा तुकडा तू बसवलास. मग तुला घरून निरोप आला, तू निघून गेलास, आणि कॅप मी एकट्याने रात्री साडेअकरा वाजता बसवली. बोल्टला टॉर्क मात्र अगदी काटेकोर दिला होता. ते आठवून मी तिथेच स्टुलावर बराच वेळ बसून राहिलो. हातातले तेल कोपरापर्यंत ओघळले तरी लक्ष नव्हते. माझी चूक मी बारा वर्षे तुझ्या नावावर खपवली. माफी मागण्याचा मला सराव नाही हे तू जाणतोस, पण मागतो.

तुझ्या बाकीच्या कामात खोट काढायला मी बराच शोध घेतला, हेही सांगून टाकतो, कारण माणूस असा निर्लज्ज असतो. टायमिंगचे झाकण काढले: साखळी नाही, दोन गियर थेट एकमेकांत बसलेले, खुणा समोरासमोर. क्रँक उलटा फिरला तरी कॅम, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, नेहमीच्याच दिशेने फिरावा, म्हणजे डिस्ट्रिब्युटर आणि तेलाचा पंप सरळ चालतील, हे तू मला वहीच्या पानावर काढून दाखवले होतेस. फायरिंगचा क्रम १-२-७-५-६-३-४-८ तू ब्रशने लॉकरच्या झाकणाच्या आतून लिहिला होतास, तो अजून वाचता येतो. आणि कॅमवरून आपण आठवडाभर अबोला धरला होता ना? मला शर्यतीचा, जास्त ओव्हरलॅपचा (आतल्या-बाहेरच्या झडपा जास्त वेळ एकदम उघड्या ठेवणारा) कॅम हवा होता आणि तू म्हणालास, मंद गतीला हा एक्झॉस्टमधले पाणी मागे ओढून सिलिंडरात घेईल. तुझे ऐकले. पाणी शेवटी आत गेलेच, पण माझ्या रायझरच्या कृपेने. कॅमचा त्यात दोष नाही.

आता मला खरी काळजी ब्लॉकची आहे आणि त्यात तुझे डोके हवे आहे. मागच्या वेळी आपण तीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बोअर केले होते. या खेपेला सात सिलिंडर बरे आहेत. होनिंग आणि नव्या रिंगांवर ते निभावतील असे बोअर गेज सांगतो. सातव्यात मात्र पाणी साचले तिथे गंजाचे कडे आहे, नखाला सहज अडकते. साठ थाऊवर गेलो तर ते कडे निघेल आणि आठही पिस्टन नवे घालता येतील. पण या ब्लॉकने सगळे आयुष्य थेट समुद्राचे पाणी पिऊन काढले आहे. ब्लॉकच्या पाण्याची भोके बंद करणाऱ्या प्लगांच्या जागी पितळी थाळ्या आहेत म्हणून त्या टिकल्या, भिंतींना तसला आधार कुठला? ध्वनीयंत्राने जाडी मोजून घेतली तर सातव्याच्या एका बाजूला ९५ थाऊ निघाले. आणखी तीस थाऊ बोअर म्हणजे तिथून पंधरा गेले, राहिले ऐंशी. आणि ती बाजू नेमकी पिस्टनच्या दाबाची आहे, कारण इंजिन उलटे फिरते म्हणून दाबाची बाजूही बदलते. मास्तरांनी शेजारच्या भोकाकडे बोट दाखवत ही बाजू चुकीची धरली होती. मी तुझ्या आवाजात त्यांना समजावले.

मास्तर म्हणतात, ब्लॉक टाका, १९८६ नंतरचा घ्या, सील एकाच तुकड्याचे, अर्ध्या चुका तिथेच संपतील. हा टोमणा मला होता. पण त्या ब्लॉकला आपला क्रँक ॲडॅप्टरशिवाय बसत नाही, आणि नवा क्रँक घ्यावा तर त्याची मागची फ्लँज वेगळी, बोल्टांचे वर्तुळ ३.५८ इंचांऐवजी ३ इंचांचे, म्हणजे फ्लायव्हीलही बदला, आणि वर सगळे उलट फिरणाऱ्याचे शोधत बसा. माझे मन सातव्यात एकच स्लीव्ह, म्हणजे नळीसारखे नवे अस्तर, घालण्याकडे झुकते. स्लीव्ह तीस थाऊच्या मापालाच पूर्ण करून घेतली की बाकीचे सात जसेच्या तसे राहतात. भीती एवढीच की स्लीव्ह ठोकताना ती ९५ थाऊची भिंत तडकली तर सगळाच खेळ आटोपला. तू काय केले असतेस?

तुझ्या बदलीचे कळले, नवी जागा मानवली का? धाकटीचा निकाल उत्तम लागल्याचे वहिनींकडून समजले, तिला शाबासकी सांग. तुझ्या खांद्याचे ऑपरेशन झाल्याचे मला फार उशिरा कळले आणि तेव्हा फोनही केला नाही, त्याची लाज वाटते.

तुझ्या त्या निळ्या वहीत मेन बेअरिंगचे जुने अंतर लिहिलेले असेल. मी प्लास्टिगेज (चिरडून फट किती ते दाखवणारा मऊ धागा) लावून मोजले तर मागच्या जर्नलवर साडेतीन थाऊ आले, ते घासले गेल्यामुळे की तेव्हाही तेवढेच होते, हे ताडून पाहायचे आहे. पानाचा फोटो पाठव. त्यानंतरच क्रँक ग्राइंडिंगला देईन.

तुझा,
डाव्या इंजिनाचा अपराधी

ता. क. सीलचा नवा संच आणला आहे आणि रेघा तीनदा तपासल्या आहेत. खालचा तुकडा कॅपसह कापडात गुंडाळून ठेवला आहे. तू येईपर्यंत त्याला हात लावणार नाही.